इतिहास सांगायचा मान

पुरानी बस्तीतल्या मराठी वाचनालयाला पन्नास वर्षं झाली आणि त्याचा इतिहास सांगायचा मान लताताईंना मिळाला. मिळणारच. अर्धं आयुष्य त्यांनी त्या माडीवरच्या खोलीत फुकट राबण्यात घालवलं होतं. वाळवीशी भांडल्या, वाचनालय चालवणाऱ्या मंडळाच्या मागे हात धुऊन लागून गळकं छप्पर नीट करून घेतलं, दिवाळी अंक नागपूरहून मागवले. पण भाषण लिहायला बसल्या की गाडी एकाच नावापाशी अडायची. कलावती.

ही कलावती रेल्वेतून रिटायर झालेली. एक दिवस वाचनालयात आली आणि म्हणाली, "ताई, म्हाताऱ्या लोकायले जिना चढवत नाही. मी नेऊन देत जाईन ना पुस्तकं." तेव्हापासून दर शनिवारी तिची स्कूटी चौबे कॉलोनीपासून पार गावाबाहेरच्या उरल्यापर्यंत पुस्तकं वाटत फिरायची. आता यात वाईट काय होतं? काहीच नाही. तेच तर लताताईंचं दुखणं होतं.

कारण पुस्तकं निवडायच्या लताताई. देवीदासजींना शिकारीच्या गोष्टी, मीराबाईंना विनोदी, त्यातही मरणाबिरणाचं काही नको, बिचारीचा नवरा नुकताच गेलाय. यातल्या एकाचंही तोंड लताताईंनी पाहिलं नव्हतं, पण परत येणाऱ्या पुस्तकांवरून कोणाला काय रुचतं ते त्यांना घरच्या माणसासारखं ठाऊक होतं. आणि चहा कोणाला मिळायचा? कलावतीला. नातवाच्या बारशाचं बोलावणं? तेही कलावतीला. "मीराबाईनं अनरसे दिले, घ्या ना ताई," म्हणत ती डबा पुढे करायची, तर लताताई म्हणायच्या, "मले शुगर आहे." कसली शुगर आणि कसलं काय, नुसता जळफळाट.

मंडळाचा सेक्रेटरी निरंजन आठवणीनं म्हणाला होता, "काकू, कलावतीकाकूंबद्दल दोन शब्द बोलजा बरं."

"हव," म्हणाल्या, आणि घरी येऊन ते नाव भाषणातून साफ उडवलं. "झोला उचलणं म्हणजे काय इतिहास असते का?" असं त्यांनी कुकरला विचारलं. कुकर काय बोलणार.

निरंजननं समारंभासाठी एक वेगळीच गोष्ट केली. घरी बसून वाचणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना गाड्या पाठवून हॉलमध्ये आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. लताताईंनी पदर सारखा केला. आज ही माणसं आपल्याला भेटणार, आपण यांच्यासाठी काय केलं ते यांना कळणार, एवढंच त्यांच्या मनात होतं. ठेवणीतली नारायणपेठ उगाच नव्हती नेसली.

बोलल्या मात्र झकास. सुरुवातीची दोन कपाटं, वाळवी, छप्पर, दिवाळी अंक, सगळं आलं. कलावतीचं नाव आलं नाही. ती मागे उभी राहून म्हाताऱ्यांसाठी पाण्याचे ग्लास भरत होती.

टाळ्या पडायच्या आतच मीराबाई शेजारच्या देवीदासजींना विचारत्या झाल्या. कानानं कमी, त्यामुळे अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. "बाई चांगली बोलून राहिली. पण हे कोणत्या लायब्ररीचं सांगून राहिली? आपली लायब्ररी तर शनिवारी घरी येते ना?"

"दुसरी कोणती असंन," देवीदासजी म्हणाले. "आपलीत तर कलावती आहे."

लताताई भाषणाचे कागद गोळा करायला लागल्या. ज्यांच्यासाठी एवढं केलं, त्यांना आपण कोण तेही माहीत नाही. आणि सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

तेवढ्यात कलावती ग्लास ठेवून स्टेजवर आली आणि माइक ओढून म्हणाली, "अवो मीराबाई, ह्या लताताई. तुमचे मालक गेले तेव्हा तुमाले हसवणारी पुस्तकं कोण पाठवे म्हणता? ह्याच. मी तर फक्त आणून देत होती."

मीराबाई काठी टेकत उठल्या आणि दोन्ही हात जोडून लताताईंकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता कुठे हॉलमध्ये टाळ्या पडल्या, आणि त्या थांबेचनात.

इतकी वर्षं लताताईंनी हेच तर मागितलं होतं. त्यांनीही हात जोडले, हसल्यासुद्धा. मनात मात्र म्हणाल्या, मेली, हेसुद्धा हिनंच आणून द्यावं.