थपडेचा प्रसंग

ताईचं चष्म्याचं दुकान होतं आणि तिला सिनेमाचं वेड होतं. टुकारातला टुकार सिनेमा बघून आली, की दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता ती त्या सिनेमाची सालं काढायची. "हिरो ढसाढसा रडतोय आणि नाक कोरडं ठणठणीत! असं कोणी रडतं का?" गिऱ्हाईक मान डोलवायला जायचं, तर ओरडायची, "हलू नका हो!"

त्यामुळे धाकट्या भावानं बनवलेला पहिला सिनेमा लागला, तेव्हा आईनं तिला आधीच बजावलं, "तो आपला आहे. जिभेला जरा आवर घाल."

पहिल्या खेळाला दोघी शेजारी बसल्या. हिरो सारखा खिडकीतून लांबवर बघत होता, मागे व्हायोलिन गळा काढत होतं आणि माणसं एकमेकांशी भाषण ठोकल्यासारखी बोलत होती. ताई ओठ घट्ट मिटून बसली.

मग तो प्रसंग आला. मुलगा म्हाताऱ्या, विसराळू बापाला अंघोळ घालतोय. बापाला तो चोर वाटतो. बाप बोचकारतो, तोंडावर थुंकतो. मुलगा समजावतो, गाणं म्हणतो, हातातून निसटलेला साबण पुन्हा पुन्हा उचलतो. आणि एकाएकी बापाच्या थोबाडीत मारतो. बाप गप्प होतो, आणि शहाण्या पोरासारखा स्वतःच अंगाला साबण लावायला लागतो. संगीत नाही. कॅमेरा जागचा हलत नाही.

"शी!" कोणीतरी म्हणालं. मागच्या रांगेतली माणसं उठून गेली. आईनं डोळे मिटून घेतले. ताई मात्र खुर्चीच्या कडेवर सरकली होती. बाबांच्या शेवटच्या आजारपणात ती स्वयंपाकघरात असताना न्हाणीघरातून असाच आवाज आला होता. घरात त्यावर कोणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

आठवडा संपायच्या आत बोंबाबोंब झाली. 'बापाचा अपमान' म्हणून पोस्टरं फाडली, थेटरांनी खेळ बंद केले. दुकानात येणारा जो तो तावातावानं बोलायचा.

"तुम्ही पाहिलात?" ताई विचारायची.

"छे! असलं घाणेरडं कोण बघणार?"

दुसरीकडे सिनेमावेड्या मंडळींनी त्याला डोक्यावर घेतलं. खिडकीत त्यांना एकाकीपण दिसलं, व्हायोलिनमध्ये अंतर्मन. "अहो, तो एक प्रसंग सोडला तर बाकी सगळा पाणचट आहे!" ताई दोन्हीकडच्यांना सांगून थकली. एकांना ती निर्लज्ज वाटली, दुसऱ्यांना अडाणी.

एका दुपारी धाकटा जेवायला आला. चेहरा उतरलेला. भाताशी नुसता चाळा करत म्हणाला, "निर्माता म्हणतो, तेवढं कापलं तर परत लागेल. तू सांग. तू कोणाची भीड ठेवत नाहीस."

"बाकीचं काप. तेवढं ठेव."

"बाकीचं म्हणजे?"

"खिडकी, व्हायोलिन, ती भाषणं. तिथे तू खोटं बोलतोयस. त्या एका जागी खरा आहेस, म्हणून लोकांना झोंबलं."

"कापून टाक, बाळा," आई मध्येच म्हणाली. "घरातलं चारचौघांत कशाला?"

धाकट्याचा हात थांबला. "घरातलं?"

आई वाटी पुसत राहिली. "भिंती काय जाड होत्या का रे आपल्या?"

त्यानं ताईकडे पाहिलं. तिनं नजर वळवली नाही.

"म्हणजे दोघींनाही माहीत होतं," तो म्हणाला. "आणि मी वेड्यासारखा, कसं सांगू, कसं सांगू म्हणून अख्खा सिनेमा रचला."

"मग आता तर ठेवच!" ताई कळवळून म्हणाली. "ज्यांच्या घरी असं झालंय, ते कोणाला सांगणार? त्यांना एकदा तरी दिसू दे की रे!"

"मला नाही जमणार," तो म्हणाला. ताट तसंच ठेवून उठला.

प्रसंग कापला गेला. त्या जागी मुलगा बापाचे पाय चेपतो आणि व्हायोलिन वाजतं. सिनेमा धो धो चालला. निषेध करणारेही सहकुटुंब आले.

नव्या खेळानंतर थेटरच्या जिन्यात लोक धाकट्याचे हात हातात घेत होते. ताई गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी पोचली.

"झालं समाधान?" तिनं विचारलं.

"कोणाला त्रास तर झाला नाही."

"नाही ना! त्या दिवशी न्हाणीघरात बाबांना आणि तुला त्रास झाला नव्हता का?"

"ताई, इथे नको," तो दबक्या आवाजात म्हणाला. कोणीतरी फोटोसाठी हाक मारली. तो वळला आणि हसला.

बाहेर आई बसची वाट बघत उभी होती. "आता कसा छान झाला ग," ती म्हणाली. "सगळ्यांनी मिळून बघावा असा."

ताईला संताप आला. बस आली. तिनं आईचा हात धरून तिला वर चढवलं, खिडकीशी बसवलं, आणि शेजारची जागा रिकामी असूनही स्वतः घरापर्यंत दांड्याला धरून उभी राहिली.