दुर्बिणीसाठी टँकर

बहात्तरचा दुष्काळ माळावर पाय पसरून बसला होता. नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या पुढं, एका टेकडीच्या पायथ्याशी सरकारनं खडी फोडायचं काम काढलं, आणि त्याच टेकडीवर मोठी दुर्बीण बसवू पाहणाऱ्या शांतवन भिंगारदिव्यांची झोप उडाली. इतकं काळंभोर, कोरडं आभाळ त्यांना दुसरीकडं सापडलं नव्हतं. पण धूळ बसली की दुर्बिणीचा आरसा आंधळा. चैत्रात दिल्लीची समिती जागा बघायला येणार होती. तिनं धूळ बघितली की दुर्बीण दुसऱ्या राज्यात जाणार.

म्हणून हा ताऱ्यांचा अभ्यासक हिवाळाभर तहसील कचेरीच्या बाकावर बसत होता.

"खडीचं काम पलीकडच्या माळावर न्या, एवढंच म्हणतोय," ते पुन्हा म्हणाले.

"काम गावाजवळच द्यायचं, असं धोरण आहे साहेब," तहसीलदार पंख्याकडं बघत म्हणाले. "खडी फोडणाऱ्या बाया आपणहून जात असतील तर बघू."

भिंगारदिवे तसेच टेकडीखाली आले. बाया घावाच्या ठेक्यावर गात होत्या:

माथी ऊन, पायी माळ,
सूर्यदादा, बिगी ढळ.

"आले बाई चांदन्यावाले," टोळीची पुढारीण राहीबाई म्हणाली. "आता सूर्याला अर्ज करायचा का?"

बाया हसल्या. भिंगारदिव्यांनी आरशाचं सांगितलं.

"आमच्या नाकातली धूळ कुनाला दिसंना, अन् तुमच्या आरशाची लई काळजी."

"खरंय, मावशी. पण तुमच्यासाठी मुकादम तरी बोलतो. आभाळासाठी मी गप्प बसलो तर कोण बोलणार?"

राहीबाईनं हातोडा खाली ठेवला. "पल्याड जायला आमची ना न्हाई. पन तिथं पानी न्हाई, अन् लेकरं आमच्यासंगं. टँकर लावा, उद्या जातो."

दुसऱ्या दिवशी तेच बाक.

"पुन्हा दुर्बीण?" तहसीलदारांनी विचारलं.

"नाही. पाण्याचा टँकर."

"तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

"आधी पाणी."

"त्याची मंजुरी नगरहून."

भिंगारदिव्यांनी नगरची एस.टी. धरली. दुर्बिणीला डोळा लावून किती दिवस झाले, ते आठवेना. खिडकीतून टेकडी धुरकट दिसत होती. थोड्या वेळानं त्यांनी तिकडं बघणं सोडलं आणि नगरच्या साहेबांपुढं काय बोलायचं ते मनात जुळवू लागले: बाया किती, तान्ही लेकरं किती, विहीर किती लांब.