लटारूजींची तार

लटारूकडे मोटार होती, वीज होती, विहिरीत पाणीही होतं. नव्हती ती तार. खांबापासून विहिरीपर्यंतची तीनशे फूट काळी केबल कुणीतरी कापून नेली होती, आणि धान नेमका निसवायला लागला होता. उन्हाळी हंगाम, सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रातून आणलेलं बियाणं, दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली दोन खाचरं. निसवताना पाणी तुटलं की लोंब बाहेर येते पण भरत नाही, हे झाडीपट्टीत, धानाच्या मुलखात, कुणाला शिकवावं लागत नाही. लटारूच्या हाती फार तर आठ दिवस होते. नवी तार घ्यायची तर धान विकावा लागला असता, आणि धान तारेवाचून पिकणार नव्हता.

तालुक्याच्या ठाण्यात त्याची तक्रार एका कोऱ्या कागदावर लिहून घेतली. त्या कागदाचं पुढे काय झालं ते कागदालाच ठाऊक. चौथ्या दिवशी ठाणे अंमलदाराने सांगितलं, की असे तपास जिल्ह्याची शाखा करते, तिकडे जा. कोणती शाखा, असं लटारूने विचारलं. तिथं बोर्ड आहे, वाचून घे, असं उत्तर मिळालं.

जिल्ह्याच्या पोलीस कार्यालयात बोर्ड खरंच होता आणि चांगला पुरुषभर उंच होता. सरकारने चोरांसाठी एवढी खाती उघडली आहेत हे पाहून लटारूला आधी बरं वाटलं. त्याने बोट ठेवून वाचलं आणि 'मोटार परिवहन विभाग' दिसताच तिकडे चालू लागला. चोरी मोटारीच्या तारेची होती ना! तिथल्या हवालदाराने गाडीचा नंबर विचारला. मोटार विहिरीत आहे म्हटल्यावर, एवढी गाडी विहिरीत गेली कशी, याचीच चौकशी अर्धा तास चालली.

स्थानिक गुन्हे शाखेत मोठे गुन्हे घेत. ही तार त्यांच्या मानाने फार छोटी निघाली. सायबरवाल्या पोराने तारेतून इंटरनेट जात होतं का ते विचारलं आणि नाही म्हणताच तो पुन्हा मोबाइलमध्ये शिरला. श्वान पथकातला कुत्रा बंदोबस्ताला गेला होता. विशेष शाखेत मात्र खुर्ची मिळाली, चहाही विचारला. तुम्ही आंदोलन करणार का, रस्ता अडवणार का, सोबत किती लोक असतील, असं सगळं त्यांनी आपुलकीने विचारून लिहून घेतलं. झालेल्या गोष्टीशी त्या शाखेचा संबंध नव्हता, ती फक्त होणाऱ्या गोष्टी पाहायची. आंदोलन नाही म्हटल्यावर चहा आलाच नाही.

लटारू पुन्हा बोर्डापाशी आला, आणि सगळ्यात खालची ओळ वाचून त्याला वाटलं, आपण उगाच सकाळपासून पाय तोडले. तिथं लिहिलं होतं, 'बिनतारी संदेश विभाग'.

त्या खोलीत वामनराव नावाचे हवालदार यंत्रापुढे बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या दारी एकही फिर्यादी आला नव्हता.

"साहेब, चार दिवस झाले, मी बिनतारी झालो जी," लटारू म्हणाला. "तुमचंच खातं हाय न हे?"

वामनराव आधी पोट धरून हसले. मग धान किती आला, पाणी कधी तुटलं, हे त्यांनी विचारलं, आणि त्यांचं हसू गेलं. तेही झाडीपट्टीतलेच होते, निसवलेला धान म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. अकराच्या सुमारास सगळ्या ठाण्यांना रोजचे निरोप जायचे. त्यांनी बटण दाबलं आणि शेवटी आपल्या मनाचा एक जोडून दिला: लटारूजी यांची तार चोरीस गेली आहे, काळी, तीनशे फूट, मध्ये लाल फडक्याची गाठ, शोध घेऊन कळवा.

आमच्याकडे 'जी' म्हशीलाही लावतात, पण ठाण्यांना वरून आलेला 'जी' वेगळा ऐकू येतो. हे लटारूजी कोण, हे विचारायची हिंमत कोण करणार? एका ठाण्यात ते साहेबांचे सासरे ठरले, दुसऱ्यात मंत्रालयातले. जिल्ह्यातलं एकूण एक भंगारदुकान उपडं झालं. दुपारी दोनच्या आत तार सापडली, आणि सापडली लटारूच्याच तालुक्याच्या ठाण्यासमोर, रस्ता ओलांडून असलेल्या भंगारवाल्याकडे.

लटारू मिळेल त्या बसने तालुक्याच्या ठाण्यात धावत आला, आणि 'लटारूजी' म्हणून त्याला बसायला खुर्ची मिळाली. टेबलावर आपली तार, लाल गाठीसकट! आनंदाने त्याचे डोळे भरून आले आणि त्याने हात घातला. शिपायाने तो हात धरला. आता ती तार नव्हती, मुद्देमाल होता.

पंचनामा झाला, लाखेचं सील लागलं, फोटो निघाला. फोटोत मागे सगळ्या शाखा उभ्या होत्या, कडेला कुत्राही होता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात स्थानिक गुन्हे शाखेची धडाकेबाज कामगिरी आली, सायबरचं तांत्रिक साहाय्य आलं. वामनरावांचं नाव कुठेच नव्हतं. विनाआदेश निरोप दिल्याबद्दल त्यांना नोटीस तेवढी आली. लटारू कोण हे कळल्यावर ठाण्यातली खुर्चीही गेली.

तार सोडवायला कोर्टात अर्ज लागतो. लटारूने केला. कोर्टाने पोलिसांचं म्हणणं मागवलं. पेपरात रकाना भरून बोललेल्या पोलिसांना कोर्टात दोन ओळी म्हणायला वेळ लागला, आणि तारीख पडली पंधरा दिवसांनंतरची.

पंधराव्या दिवशी तो कोर्टात जायला निघाला तेव्हा चंदा, त्याची बायको, बांधीत उभी होती. लोंबा पांढऱ्या पडून ताठ उभ्या होत्या, भरलेली लोंब वाकते. तिने एक तोडून बोटांत दाबली. आत काहीच नव्हतं.  ती रिकामी लोंब तिने त्याच्या हातात ठेवली.

"चोराकडं होती तवा वाटे, कधी ना कधी भेटन," ती म्हणाली. "आता पोलिसाकडं हाय. आता कोनाले सांगाचं शोधाले?"