सापारबेकचा बिनचूक सेट

कित्येक वर्षांनी सापारबेकने रेडिओचा सेट उघडला, तेव्हा आतून ओंजळभर धूळ निघाली. ती झाडून, स्विचांना स्पिरिट लावून तो हेडफोन घालून बसला. वेळ सांगणाऱ्या केंद्राचा सूर आणि सेटचा सूर जुळेनात, मध्ये नुसती घरघर. आतला स्क्रू केसभर फिरवत गेला तशी घरघर मंदावली आणि विरली. मग बायकोच्या नखांचा रंग स्क्रूवर लावून त्याने तो पक्का बसवला.

"आजवर हा चुकीचा आकडा दाखवून आपल्याला फसवत होता," तो बायकोला, जिपारला म्हणाला. "आता याच्याइतकं खरं साऱ्या नारिन प्रांतात कुणी बोलत नाही."

"बोलू दे. माझी बाटली मात्र संपवलीत."

संध्याकाळी तिलेकची हाक आली नाही. हा सापारबेकचा धाकटा भाऊ. वर घळीत, नदीकाठच्या खोपीत राहून पाणी आणि दरडींवर नजर ठेवायची, सकाळ-संध्याकाळ रेडिओवर कळवायचं, हे त्याचं काम. सकाळीही हाक आली नाही.

"बॅटरी भरली नसेल आळशानं!"

"अहो, बटण जरा इकडंतिकडं फिरवून बघा ना."

"आकडा बरोबर आहे. बरोबर आकडा कशाला फिरवू?"

शहाण्या माणसाला हट्ट धरायला एवढं कारण पुरतं.

दुपारी नदी आटली. गाव खूश झालं. पुलाचा वळसा वाचला म्हणून मेंढ्या थेट पात्रातून पलीकडे निघाल्या, बायका डबक्यांतले मासे वेचू लागल्या.

"भर उन्हाळ्यात, वर बर्फ वितळत असताना नदी आटते?" जिपार दारातून म्हणाली. "मला हे बरं दिसत नाही."

सापारबेक सेटकडे धावला. तिलेकचा सेट जुळवला होता कुणी? त्यानेच, याच टेबलावर, याच सेटशी मिळवून. दोघांची घड्याळं सारखीच मागे असली तर भेट चुकत नाही. एकाने आपलं बरोबर लावलं की चुकते. त्याने बटण जरासं फिरवलं.

"...बाइके, ऐकताय ना? खाली दरड पडून नदी अडलीय. पाणी खोपीत शिरलंय. पात्रातली माणसं हलवा..." थोरल्याला बाइके म्हणणाऱ्या तिलेकचा घसा पार बसला होता. दरड पडल्यापासून तो हेच ओरडत असणार.

"तिलेक! ऐकलं! पळ, वर चढ!"

"माणसं हलवली?"

"हलवतो. तू निघ आधी!"

"छे. दरड फुटताना तुम्हाला सांगणार कोण? माणसं हलेपर्यंत मी उठत नाही. पाणी मांडीला लागलंय, पण तुम्ही दिलेलं टेबल उंच आहे, सेट कोरडा आहे, बाइके."

जिपार ऐकताच नदीकडे धावली होती. खिडकीतून पात्र दिसत होतं, माणसांनी भरलेलं. सापारबेकला रडू फुटलं. धाकट्याला त्यानेच पाठीवर घेऊन वाढवलं होतं.

"हलवली," तो म्हणाला. "सगळी."

"भाकरीची शपथ?"

"भाकरीची शपथ."

"मग निघतो!" तिलेक हसला आणि सेट गप्प झाला.

आता दरडीकडे बघणारं कुणी उरलं नव्हतं. सापारबेक अनवाणी धावत सुटला. काठावर जिपार घसा फोडून ओरडत होती, आणि लोक हात हलवून तिलाच मासे वेचायला खाली बोलावत होते. तेवढ्यात घळीकडून, सुटलेल्या पाण्याच्या पुढे धावणारा, ओल्या मातीच्या वासाचा गार वारा आला.