सहावं बटण

मित्रांनो, मला फळा म्हणतात, पण माझ्यावर कधी कोणी खडू टेकवला नाही. माझ्या छातीवर एका जुन्या खाकी शर्टाची पुढची बाजू ठोकलेली आहे. सहा बटणं, सहा काजं. खाली दाराची एक कडी. एवढाच माझा संसार.

माझं लाकूड तारापूरच्या एका कारखान्यातल्या खोक्याचं. कुंभवलीच्या रामकिसन सुताराने ते तासलं. शर्ट वैभवीच्या वडिलांचा. ते कऱ्हाडकडून इथे कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. वैभवी ही ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सरकारी कागदावर व्यवसायोपचार तज्ज्ञ. अपघातातून किंवा आजारातून उठलेल्या माणसाला जेवणं, वेणी घालणं, बटण लावणं अशी रोजची कामं पुन्हा शिकवायची, हे तिचं काम. बोईसरजवळच्या एका सरकारी रुग्णालयात तिला खोली मिळाली, सामान मिळालं नाही. म्हणून तिने मला घडवून घेतलं. त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

मंगळी दर गुरुवारी यायची. डोंगराकडच्या पाड्यावरची बाई. पावसाळ्यात शेती, उरलेलं वर्ष मजुरी. कारखान्यात पॅकिंगच्या यंत्रात तिचा उजवा हात सापडला. बोटं वाचली, पण काटकीसारखी ताठ झाली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "ताई, माज्या पोरीच्या शाळंच्या कपड्याची बटनं शेजारीन लावते. मना लावायची हायेत."

"खालून सुरू करू," वैभवी म्हणाली. "एकेक."

पहिलं बटण लागायला पाच आठवडे गेले. मंगळी घामाघूम व्हायची, मला शिव्या घालायची. मी मनावर घेतलं नाही. ती तिसऱ्या बटणापर्यंत आली आणि वैभवीचे अकरा महिने संपले. कंत्राटच तेवढ्याचं होतं, तेही रुग्णालयाला माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीचं.

त्याच कामाची नवी जाहिरात निघाली. एक जागा, थेट मुलाखत, पालघरला. वैभवीने अर्ज, मूळ प्रमाणपत्रं, झेरॉक्सचे दोन संच, फोटो सगळं फाइलला लावलं आणि मला काखोटीला मारून निघाली. रांगेत चाळीसेक उमेदवार होते. मला वाटलं, आज आपलं चीज होणार. पण आतल्या साहेबांनी मला बघून विचारलं, "हे खेळणं कशाला आणलंत?"

"सर, बोटं न वाकवता एक बटण लावून बघा."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग फाइल चाळत म्हणाले, "तुमचं अनुभवपत्र एजन्सीचं आहे. सरकारी अनुभव धरता येणार नाही."

"पण काम सरकारी रुग्णालयातच केलंय, सर. अकरा महिने."

"नेमणूक एजन्सीची ना?" ते म्हणाले, आणि अनुभवाच्या रकान्यात शून्य पडलं.

निवड दुसऱ्या मुलीची झाली. वैभवी प्रतीक्षा यादीत पहिली. तिने मला परत आणून खिडकीखाली ठेवलं आणि शिपाई पंढरीच्या हातात किल्ली दिली. "नवीन मॅडमना हा लागेल. मंगळीची तीन झालीत, तेवढं सांगा त्यांना." मला तिचा राग आला. स्वतःच घडवायचं आणि स्वतःच टाकून जायचं. पुढे राग ओसरला, नुसती वाट बघणं उरलं.

नवीन मॅडम आल्याच नाहीत. त्यांना शहरात बरी नोकरी मिळाली म्हणे. मग यादीतल्या पहिलीला बोलवायचं, तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर जाईपर्यंत यादीची मुदतच संपली.

मंगळी मात्र येत राहिली. पंढरी कुलूप काढून द्यायचा आणि ती एकटीच माझ्यासमोर बसायची. चौथं लागलं. बऱ्याच गुरुवारांनी पाचवं. सहाव्याचं काज घट्ट. एका गुरुवारी तिने ते बटण निम्मं आत सरकवलं, तेवढ्यात औषधांची खोकी घेऊन माणसं आली. खोलीचं गोदाम करायचा हुकूम होता.

"ऊठ बाय," पंढरी म्हणाला. "माज्या हातात काय नाय."

एरवी जाताना ती सगळी बटणं सोडून ठेवायची. त्या दिवशी सोडली नाहीत.

वर्षाने वैभवी आली. त्या जागेची पुन्हा जाहिरात होती, आणि तिला रुग्णालयाच्या कागदावर अनुभवपत्र हवं होतं. शेजारच्या कार्यालयातलं बोलणं मला ऐकू आलं. "आम्ही तुम्हाला नेमलंच नव्हतं, मॅडम. लिहून कसं देणार?"

मग ती गोदामात आली. खोकी सरकवून तिने मला बाहेर काढलं, पदराने धूळ पुसली आणि बटणांकडे बघत राहिली.

"मंगळी?"

"हां. एकलीच करायची," पंढरी म्हणाला. "आता गेली ती, भिवंडीकडं वीटभट्टीवर. पोरीलाबी नेली."

"आणि पोरीची शाळा?"

वैभवीने सहाव्या बटणावर बोट ठेवलं. मला वाटलं, आता ती ते आत ढकलेल. तिने ढकललं नाही. मला खोक्यांच्या वर नीट ठेवलं, डोळे पुसले आणि गेली. अर्जाची शेवटची तारीख होती. अनुभवाच्या रकान्यात तिने काय लिहिलं असेल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, रुग्णालयात एखादी कुलूपबंद खोली दिसली, तर ती कशासाठी होती आणि तिथलं माणूस कुठे गेलं, एवढं विचारा. आणि कधी मी तुमच्या हाती लागलो, तर माझी धूळ झटका, पण ते निम्मं अडकलेलं बटण सोडू नका. मंगळी कुठवर आली होती, हे दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.