दगडातली रिकामी जागा

थडग्याचा दगड उभा राहून महिना उलटला होता. त्यात शेजारी शेजारी दोन लंबगोल खाचा होत्या. एकीत लिबूशेचे वडील चिनीमातीच्या चकतीवर छापलेले, टाय लावून, जरा घुश्श्यातच बघत होते. दुसरी खाच आईची. ती कोरी होती. शेजारच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावायला येणारे लोक आधी त्या खाचेकडं बघायचे आणि मग लिबूशेकडं.

दुसऱ्या कुणाचं घर असतं तर लोकांनी समजून घेतलं असतं. पण लिबूशेचा नवरा बोहुमिल अख्ख्या ब्रनो शहरातल्या हौशी फोटोग्राफरांत नाव असलेला माणूस. कारखान्यात नकाशे काढायचा, पण ते पोटासाठी. जीव सगळा कॅमेऱ्यात. फोटो काढायचे कुठंही, आणि रोल धुवायचे घराच्या न्हाणीघरात, कारण तिथं खिडकी नव्हती. लग्न झाल्यापासून लिबूशे आंघोळीची वेळ त्याला विचारून ठरवत आली होती. आई विधवा झाल्यावर त्यांच्याकडं राहायला आली ती ऑक्टोबरात जाईपर्यंत तिथंच राहिली, आणि तीसुद्धा बिचारी न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन ताटकळली. एवढं सगळं सोसून दगडावर लावायला आईचा चेहरा नाही!

"जावई फोटोग्राफर, आणि सासूला तोंड नाही," क्वेता मावशी चारचौघांत म्हणाली होती. ही आईची धाकटी बहीण. तिच्या जिभेला हाड कधी नव्हतंच.

ओळखपत्रावरचा फोटो आई गेल्यावर कचेरीत जमा झाला होता. लिबूशेच्या लग्नात आईनं डोळ्यांवरचा रुमाल काढलाच नव्हता. राहिला आईच्या स्वतःच्या लग्नातला फोटो.

"तो लावू नकोस गं बाई," मावशी म्हणाली. "बावीस वर्षांची नवरी त्या सत्तरीच्या म्हाताऱ्याशेजारी? लोक म्हणतील, नातीला पुरलंय."

दर आठवड्याला लिबूशे विचारायची आणि दर आठवड्याला बोहुमिल म्हणायचा, "अगं, हजारो निगेटिव्ह आहेत माझ्याकडं. त्यात एक चेहरा मिळणार नाही? बघतो ना." बघता बघता डिसेंबर उजाडला. चकत्या भाजणारे झापलेतल नावाचे गृहस्थ होते, त्यांनी शेवटचं सांगून टाकलं: शुक्रवारपर्यंत फोटो द्या, नाहीतर भट्टी एकदम ईस्टरनंतर पेटेल. म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी सगळं गोत दफनभूमीत जमणार, आणि मावशी त्या खाचेसमोर उभी राहून पुन्हा तेच बोलणार. पण मावशीचं जाऊ दे. खुद्द लिबूशेला हल्ली रात्री आईचा चेहरा आठवताना हनुवटी नीट आठवेनाशी झाली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

गुरुवारी तिनं कामावर सुट्टी टाकली, बोहुमिललाही टाकायला लावली, आणि सगळी खोकी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतली. बोहुमिल काचेखाली दिवा लावून एकेक पट्टी बघू लागला.

"ही बघ आई!" तो आनंदानं म्हणाला.

लिबूशेनं भिंग लावलं. धुक्यात एक पाठ होती. डोक्याला रुमाल बांधलेली पाठ.

"ही पाठ आहे, बोहुमिल."

"पण कसली पाठ आहे! बरं, ही घे."

ही वाफ होती. पातेल्यातून उठलेली वाफ आणि तिच्या मागं कुणीतरी. पुढच्या पट्टीत आलुबुखार चिरणारे हात. मग पिठातले हात. हंसाची पिसं काढणारे हात. कोट, छत्री, सावली, जिन्यावर वर जाणारे बूट. संध्याकाळच्या जेवणाची वेळ जवळ यायला लागली आणि टेबलावर आईचा एक एक अवयव जमा होत गेला, फक्त तोंड सोडून.

"चेहरा का नाही काढलास रे? एकदाही?"

"चेहरा आला की फोटो चेहऱ्याचा होतो गं. मग बाकीचं कुणी बघत नाही."

"मला बाकीचं नकोच आहे!"

बोहुमिलनं टेबलावरच्या पट्ट्या चाळल्या. मग त्यानं हळूच आलुबुखाराची पट्टी पुढं सरकवली. "मी काय म्हणतो, हातच लावले तर? या फोटोला बक्षीस आहे."

लिबूशेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ती पट्टी त्याच्या हातून हिसकावली, फाडायलाच घेतली होती. पण फिल्म फाटत नाही. ती नुसती वाकली, आणि तिचं टोक दिव्यासमोर आलं. पहिल्या फोटोच्याही आधी, कापलेल्या कडेला, नखाएवढा एक तुकडा वाचला होता. त्यात चौकटी होत्या. लहान लहान चौकटी, आणि त्यांच्यावर टेकलेलं एक कोपर.

चौकटी लिबूशेनं ओळखल्या. तिचा हात आत्ता त्यांच्यावरच होता. तो या टेबलावरचा मेणकापडाचा टेबलक्लॉथ होता.

"हे काय आहे?"

"ते काही नाही. कापायचं राहिलेलं टोक आहे."

"कसलं टोक?"

"अगं, रोल भरताना सुरुवातीचा तुकडा उजेडानं खराब होतो ना. म्हणून झाकण लावलं की दोनदा बटण दाबून फिल्म पुढं सरकवायची. ते दोन वाया जातात."

"ते दोन कशावर काढतोस?"

"कशावर म्हणजे? काढत नाही, उडवतो. इथं बसून भरतो, समोर जे असेल त्यावर."

"आणि समोर काय असतं?"

बोहुमिलनं समोर बघितलं. समोर, खिडकीशेजारी, आईची खुर्ची होती.

"कुठं आहेत ते तुकडे?" लिबूशेनं विचारलं. तिचा आवाज एकदम खाली आला होता.

"धुवायच्या आधी अंधारातच कापून टाकतो. वीतभर. वाया गेलेलं टोक धुवून काय करायचं?"

"टाकतो म्हणजे कुठं?"

"केराच्या डब्यात. आणखी कुठं?" असं तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

लिबूशेला ओरडायचं होतं. त्याऐवजी ती उठली, फडताळावरचा कॅमेरा काढला आणि त्याच्यापुढं आदळला. बोहुमिल कॅमेरा असा कुणाला आदळू द्यायचा नाही, पण आज त्यानं तो नुसता सरळ करून ठेवला.

"यात रोल आहे?"

"आहे."

"कधी भरलास?"

"सप्टेंबरात. त्यानंतर त्या आजारी पडल्या, मग... हातच लावला नाही." तो घुटमळला. "अर्धासुद्धा संपला नाहीये, लिबूशे. आता सुट्टीत धुकं पडलं की..."

"आत्ता," लिबूशे म्हणाली.

न्हाणीघरात पुढचं घोडं अडलं. टबात कार्प होता. त्या आठवड्यात इमारतीतल्या प्रत्येक टबात होता. नाताळच्या जेवणाचा मासा तोवर जिवंत ठेवायचा असतो, आणि तोवर आंघोळी वाटीवाटीनं उरकायच्या असतात. लिबूशेनं आणलेला मासा चांगला धटिंगण होता आणि जागा त्याला पुरत नव्हती.

"टबात कोमट पाणी लागतं मला. डेव्हलपरच्या रसायनाची बाटली त्यात ठेवतो मी," बोहुमिल म्हणाला.

"कोमट केलंस तर मासा मरेल."

"आणि फिक्सरचा एक थेंब आत पडला तर?"

"तर नुसते बटाटे खाऊ! तू दार लाव."

"तू कशाला आत?"

"कात्री माझ्या हातात राहणार आहे."

बोहुमिल संडासाच्या झाकणावर बसला, लिबूशे टब आणि वॉशिंग मशीनच्या फटीत उभी राहिली, दाराखाली टॉवेल कोंबला आणि दिवा बंद झाला. काळोख मिट्ट होता. नवऱ्याच्या छंदाला इतकी वर्षं शिव्या घातल्या, पण हा काळोख ती पहिल्यांदाच बघत होती. डबीचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग फिल्म सुळसुळली.

"कात्री दे."

"नाही. किती कापायचं ते दाखव."

"अगं, पुढची निमुळती जीभ कापावीच लागते. नाहीतर डब्यातल्या रिळाच्या खोबणीत फिल्म सरकत नाही."

"मग जिभेपुरतीच. बोटानं बघ कुठं संपते."

मासा उसळला आणि गार पाणी दोघांच्या अंगावर आलं.

"फिल्म भिजली?"

"नाही. बहुतेक नाही. भिजली असेल तर अडकेल."

"बहुतेक! तुझं सगळं आयुष्य बहुतेकात गेलं."

"हलू नकोस. हे बघ, इथं." त्यानं तिचं बोट धरून फिल्मच्या कडेवर आणलं. कडा अरुंद होती, मग एक वळण आलं, मग रुंद झाली. "इथं जीभ संपते. नेहमी मी इथपासून पुढं बरंच..."

"बोलू नकोस."

तिनं त्या वळणावर कात्री लावली आणि आपल्याच बोटाच्या नखासकट कापलं. फिल्म खोबणीत दोनदा अडकली. दोन्ही वेळा बोहुमिल पुटपुटला, मागं घेतली, पुन्हा सरकवली. अखेर डब्याचं झाकण बसलं आणि त्यानं दिवा लावला. दोघांचे चेहरे घामानं आणि माशाच्या पाण्यानं ओले झाले होते.

मग डेव्हलपर कोमट पाण्याच्या बेसिनमध्ये. मग डबा हलवणं. बोहुमिल घड्याळाकडं बघत हलवत होता आणि लिबूशे त्याच्या हाताकडं बघत होती. इतक्या सावकाश काम करणाऱ्या माणसाशी आपण लग्न का केलं असेल, हा विचार तिच्या मनात दर हेलकाव्याला येत होता. फिक्सर, पाणी, पुन्हा पाणी. शेवटी ओली फिल्म दिव्यासमोर लटकली. आधी नुसतं काळं. मग अर्धा फोटो. मग एक पुरा फोटो, त्यात खुर्ची, आणि खुर्चीत कुणीतरी, काळ्या तोंडाचं आणि पांढऱ्या डोळ्यांचं.

"काही कळत नाही," लिबूशे म्हणाली. "ही कुणीही असेल."

"छापल्यावर कळेल. उद्या सकाळपर्यंत वाळू दे."

ती केस वाळवायचं यंत्र घेऊन आली.

"धूळ चिकटेल, लिबूशे!"

"चिकटू दे."

फोटो मोठा करायचा एन्लार्जर वॉशिंग मशीनवर चढला, टबावर फळी पडली, फळीवर ताटल्या आल्या आणि फळीखाली मासा येरझाऱ्या घालत राहिला. लाल दिव्यात बोहुमिलनं पहिला कागद बुडवला. अर्धा कागद उजेडानं खाऊन काळा केला होता. उरलेल्या अर्ध्यात आईचे दोन्ही हात केसांत होते आणि तोंडात आकडा धरलेला.

"हिचे हातच काढ तू," लिबूशे म्हणाली. रडू येईल असं वाटलं म्हणून ती चिडून बोलली. "दुसरा छाप."

दुसऱ्या कागदावर आई पुरती आली. हनुवटी आली, तिच्यावरचा बारीक खड्डा आला. केस चापून बसवलेले. पांढरा, कडक इस्त्रीचा झंपर, आणि गळ्याशी लाल खड्यांचा तो ब्रूच, जो ती फक्त लग्नाला आणि चर्चमध्ये लावायची. अंगात ॲप्रन नव्हता. ताठ बसून, हात मांडीवर ठेवून, ती थेट भिंगात बघत होती. शिकलेल्या माणसासमोर बसताना रोखतात तसा थोडा श्वास रोखून.

"चांगला आलाय," बोहुमिल हलक्या आवाजात म्हणाला. "फोकससुद्धा लागलाय. सवयीनं हात लावतो बहुतेक मी... रविवार होता का?"

"तू रोल कधी भरतोस?"

"शनिवारी. दुपारची जेवणं झाली की. आधी सगळं पसरतो, कॅमेरा पुसतो, मग..." तो थांबला.

"आणि शनिवारी दुपारी आपल्याकडं कोण येतं?"

कुणीच येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. लाल दिव्यात बोहुमिलचं तोंड नीट दिसत नव्हतं. त्यानं चिमट्यानं फोटो उचलला आणि ताटलीत पुन्हा सोडला.

"त्यांनी मला विचारलं होतं एकदा," तो म्हणाला. "जावईबापू, बरे आलेत का हो? मी म्हटलं, फार छान आलेत. मला वाटलं, धुक्याचे फोटो विचारतायत."

"मग? बघायला नाही मागितले?"

"नाही. म्हणाल्या, सवडीनं दाखवा."

लिबूशेनं दोन्ही कागद ताटलीत शेजारी शेजारी सरकवले. दर रोलाला दोन, पहिला तयारीचा, दुसरा खरा. आईनं तेवढं बरोबर ओळखलं होतं. वर्षानुवर्षं ती झंपर बदलून त्या खुर्चीत येऊन बसली, आणि ते सगळे फोटो न धुताच केरात गेले. बोहुमिलला हे दिसलं नाही, कारण तो कॅमेऱ्याच्या मागं होता. पण त्या स्वयंपाकघरात आणखी एक माणूस होतं. शनिवारी दुपारची भांडी लिबूशे घासायची, टेबलाकडं पाठ करून, आता हा पुन्हा न्हाणीघर अडवणार म्हणून धुसफुसत. तिनं एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं.