माझ्या पोटातली होडी

मी घर बोलतोय, नदीकाठचं अगदी शेवटचं. एरवी तुमच्याशी ऐसपैस गप्पा मारल्या असत्या, पण आज माझा जीव टांगणीला लागलाय. थोड्या वेळात गिऱ्हाईक मला पुन्हा बघायला येणार आहे आणि त्याआधी माझ्या मोठ्या खोलीतल्या होडीचे तुकडे व्हायचे आहेत.

घरात होडी कशी, असं तुम्ही विचाराल. अहो, मला बांधलंच होड्यांसाठी! होडीवाल्याने, म्हणजे माझ्या मालकाने, तीन बाजूंना विटा लावल्या आणि नदीकडची बाजू नुसत्या फळ्यांची ठेवली. होडी माझ्या पोटात तयार व्हायची. मग फळ्या उतरवायच्या, खाली ओंडके घालायचे आणि सगळ्यांनी मिळून तिला पाण्यात ढकलायचं. अर्धं गाव माझ्यातून निघालेल्या होड्यांतून पलीकडच्या बाजाराला जायचं. मला त्याचा भारी तोरा होता.

या घरात कामाची एक रीत होती. खडूने खूण एकाने करायची आणि कापायचं दुसऱ्याने. दोन्ही एकाच हाताने केलं की चूक लपते, असं होडीवाला म्हणायचा. खूण झाली की कापणाऱ्याने वाद घालायचा नाही. धाकटी मुलगी फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून खडू तिच्याकडे आणि करवत थोरल्या मुलाकडे. दोघं कडाकडा भांडायची, पण खुणेवरून कधीच नाही.

पुढे पूल झाला आणि होड्यांची मागणी आटली. होडीवाल्याची बायको गेली. त्याच हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. फळ्यांच्या फटींतून बाबांना वारा लागतो, म्हणून थोरल्याने मागे राहून स्वतःच्या हाताने तिथे विटांची भिंत घातली. प्रेमाने घातली हो, घाम गाळून. गिलावा झाला, रंग झाला, आणि मग त्याने मागे वळून पाहिलं. अर्धवट होडी खोलीतच होती आणि उरलेल्या दारातून धड कपाटही जात नव्हतं. त्याने कपाळाला हात लावला.

होडीवाला घरी आला, त्याने भिंत पाहिली, आत अडकलेली होडी पाहिली आणि खोकला येईपर्यंत हसला.

"वा रे पठ्ठ्या! लेक कायमची माहेरी ठेवून घेतलीस की!"

भिंत नंतर फोडू, असं ठरलं. ते नंतर काही उजाडलं नाही. म्हाताऱ्याने मात्र होडी पुरी केली. कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "बसून काय करू?" रोज तिच्यावरून हात फिरवायचा. मी ते बघायचो आणि आतल्या आत तुटायचो.

मध्यंतरी तो घाटाच्या पायरीवरून घसरला आणि कोणीतरी येईपर्यंत तसाच पडून राहिला. आता थोरला त्याला आपल्याकडे नेणार आहे, म्हणून मी विक्रीला. कितीतरी जण आले आणि नाकं मुरडून गेले. या गिऱ्हाईकाला मात्र मी आवडलो. "फक्त हे लाकूड तेवढं हलवा," तो म्हणाला. लाकूड म्हणाला तिला!

आज सकाळी थोरला करवत आणि हातोडा घेऊन आला.

"दादा, भिंत फोडू या ना," धाकटी म्हणाली.

"आणि गिऱ्हाईकाला भगदाड दाखवू? हा गेला तर दुसरा कोण येणार आहे इथे? बाबा परत पडले म्हणजे?" थोरला म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं हो.

मला ओरडायचं होतं. मी जीव खाऊन वासे करकरवले.

"वाळवी लागलीय वाटतं," थोरला म्हणाला.

म्हाताऱ्याने खिशातून खडू काढून लेकीच्या हातात दिला. "कापायचं तर रीतीने कापा. तू खूण कर." मग होडीकडे पाठ करून तो स्टुलावर बसला. त्याला बघवणार नव्हतं.

धाकटी होडीभोवती फिरली. एकदा वाकली, पुन्हा उभी राहिली. मग होडीला वळसा घालून सरळ भिंतीपाशी गेली आणि तिने रेघ ओढली. खालून वर, मग आडवी, मग खाली. पूर्वी फळ्या होत्या अगदी तिथेच.

"झाली खूण."

"अगं, पण..." थोरल्याने करवतीने होडीकडे बोट केल्यासारखं दाखवलं.

"खूण झाली ना?" म्हातारा मागे न बघता म्हणाला. "मग वाद कसला घालतोस?"

थोरल्याने करवत खाली ठेवलीय. हातोडा त्याच्या पायाशीच आहे. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आलाय, गिऱ्हाईकाचीच असणार. पोरा, माझी काळजी करू नकोस. मी विकला गेलो नाही तरी चालेल, उघडा पडून पावसात ढासळलो तरी चालेल. दार वाजायच्या आत तो हातोडा उचल. तुझ्या बहिणीने खूण केलीय, आणि या घरात खुणेवरून कधी कोणी भांडलेलं नाही.